दहा महिन्यांचं कुत्रं आणि चवथीनंतरचं घर

भाद्रपदाचा आणि कुत्र्यांचा संबंध मराठी माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. पावसाचा जोर ओसरला की मालवणच्या बाजारपेठेत, दांडीच्या किनाऱ्यावर, आचऱ्याच्या तिठ्यावर त्यांचे घोळके फिरू लागतात. कुत्रीचा गाभणकाळ साधारण 63 दिवसांचा असतो. भाद्रपदात गाभण राहिलेली कुत्री कार्तिकात व्याते. डिसेंबरात तारकर्लीला पर्यटकांची रीघ लागते तेव्हा ती पिल्लं पाच-सहा आठवड्यांची, गुबगुबीत झालेली असतात. सगळे त्यांना उचलून घेतात, बिस्किटं घालतात, फोटो काढतात. त्यांतलं एखादं कोणाच्या तरी गाडीत बसून घरीही जातं.

मग मे सरतो. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद होतात, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि खवळलेल्या पाण्यात रापणीही थांबतात. वाळूवर मासळीचे तुकडे पडणं बंद होतं, हॉटेलांच्या मागच्या बाजूचं उष्टंही आटतं. तोवर ते पिल्लू लांब टांगांचं, सतत हलणारं, चपला आणि जाळ्यांचे दोर चावणारं जनावर झालेलं असतं. पुन्हा भाद्रपद येतो तेव्हा ते दहा महिन्यांचं असतं. गाडीतून गेलेलं पिल्लू याच सुमारास परत रस्त्यावर दिसतं. कोणीतरी कळवळून त्याला उचलतं, अंगावरचे गोचीड काढतं, पायाची जखम धुतं, आणि मग प्रश्न उभा राहतो: याला द्यायचं कोणाकडे?

हा लेख त्या प्रश्नापुरताच आहे. जखम कशी बांधावी, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात कळतं. घर कसं पारखावं, हे सांगायला तिथे कोणाला फुरसत नसते, आणि चुकीच्या घरामुळे होणारं नुकसान जखमेपेक्षा जास्त काळ टिकतं.

आधी हे दहा महिन्यांचं कुत्रं म्हणजे काय, ते समजून घेऊ. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. त्यांनी 95 वेतांतल्या 364 पिल्लांवर लक्ष ठेवलं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जेमतेम 19 टक्के पिल्लं प्रजननाच्या वयापर्यंत पोहोचली, आणि झालेल्या मृत्यूंपैकी 63 टक्क्यांमागे या ना त्या रीतीने माणूस होता: गाडी, मारहाण, विष, पिल्लं उचलून नेणं. म्हणजे आपल्या दारात उभं असलेलं हे तांबडं, खरचटलेलं कुत्रं पाचांतलं एक आहे. ते उरलं कारण ते चपळ होतं, चौकस होतं, कोणाजवळ जावं आणि कोणापासून पळावं हे त्याला पटकन कळत होतं. आपण ज्याला वात्रटपणा म्हणतो तो त्याच्या जगण्याचा आधार होता, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट वयाची. दुधाचे दात साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडतात. सातव्या महिन्यानंतर तोंडात सगळे पक्के, पांढरेशुभ्र दात दिसले की समजावं, पोर वयात येतंय. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या लूसी अॅशर आणि सहकाऱ्यांनी 2020 साली दाखवलं, की पाच महिन्यांच्या वयात 'बस' म्हटल्यावर बसणारं कुत्रं आठव्या महिन्यात नेमकं आपल्या सांभाळणाऱ्याचंच ऐकेनासं होतं. परक्या माणसाचं मात्र ऐकतं. ज्यांच्या घरात चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही. हा काळ सरतो, बहुतेक कुत्री पुढच्या काही महिन्यांत पुन्हा ताळ्यावर येतात. पण जगभर कुत्री सोडून दिली जातात ती मोठ्या प्रमाणावर याच वयात, कारण घरच्यांना वाटतं की जनावर बिघडलं.

आता त्याच्या ताकदीविषयी. 'अंगात वारं भरलंय, याला मोकळी जागा पाहिजे,' असं आपण सहज म्हणतो आणि मोठ्या अंगणाचं घर शोधायला लागतो. सिंधुदुर्गात अंगणाला तोटा नाही. 'खळ्यात जागा मोप आसा,' असं प्रत्येक वाडीत कोणीतरी सांगतंच, आणि त्या भरवशावर कुत्रं दिलं जातं. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मोकळं सोडलेलं गावठी कुत्रं दिवसभर धावत नसतं. दिवसाचा मोठा भाग ते सावलीत पडून असतं. उरलेल्या वेळात ते हुंगतं, शोधतं, कोणाच्या मागे चार पावलं जातं, दुसऱ्या कुत्र्याशी भांडतं, मासळीच्या टोपलीभोवती रेंगाळतं. त्याचा दिवस घडामोडींनी भरलेला असतो. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या पुढे जातात. 2019 साली शार्लोट ड्युरांतों आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी घरातल्या कुत्र्यांवर एक प्रयोग केला. दोन आठवडे वासाने वस्तू शोधण्याचा खेळ खेळलेली कुत्री, नुसतं सोबत चालायला शिकलेल्या कुत्र्यांपेक्षा, खाऊ असेल की नाही हे नक्की नसलेल्या भांड्याकडे अधिक उमेदीने गेली. ताकद पायांइतकीच नाकात आणि डोक्यात असते, आणि तिला वाट मिळाली की कुत्रं निवांत झोपतं.

अशा कुत्र्याला चार गुंठ्यांच्या खळ्यात आणून कोपऱ्यातल्या माडाला साखळीने बांधलं, की त्याचं जग साखळीच्या लांबीएवढं होतं. मग ते भुंकतं, माती उकरतं, येणाऱ्या-जाणाऱ्यावर झेपावतं, आणि लोक म्हणतात, 'बरो राखणेचो कुत्रो झालो.' ती राखण नव्हे, कोंडमारा आहे. आपल्या कायद्यालाही हे कळलं होतं, ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा जो कायदा आहे, त्याच्या 11व्या कलमात आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं तर गुन्हा आहेच. पण कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही वेगळा गुन्हा म्हणून नोंदलेला आहे. खास कुत्र्यासाठी, साठ वर्षांहून अधिक काळापूर्वी.

म्हणून घर बघायला जाताना मी अंगण मोजू नका म्हणतो. दिवस मोजा. सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात घरात कोण असतं, कोण किती वाजता कुठे जातं, कुत्र्याबरोबर कोण चालणार आहे, हे विचारा. 'तुम्हाला कुत्री आवडतात का?' या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. 'काल दुपारी तीन वाजता घरी कोण होतं?' या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं.

आणि ही चौकशी चवथीच्या दिवसांत करू नका. गणपतीत कोकणातलं घर म्हणजे भरलेली पडवी, मुंबईहून आलेली नातवंडं, रात्रीची भजनं, उरलेले मोदक. दहा महिन्यांच्या कुत्र्याला यापेक्षा सुंदर जागा सापडणार नाही, आणि घरच्यांनाही ते अगदी आपलंसं वाटतं. चाकरमानी विसर्जन करून परत जातात. मागे राहतात सत्तरीचे दोघे आणि ते कुत्रं. घर तेच असतं, पण कुत्र्याच्या दृष्टीने ते एका रात्रीत दुसरंच होतं. भाद्रपद उलटू द्या, मग त्या घरी जा.

या वृद्ध जोडप्याबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण कुत्र्याची मागणी इथूनच फार येते, आणि बहुधा मुलाच्या तोंडून येते: 'आई-बाबांना सोबत होईल.' भावना खरी असते. पण पंधरा-अठरा किलोचं अवखळ जनावर आनंदाने अंगावर उडी मारतं तेव्हा पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवर उभी असलेली आजी पडू शकते, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडणं काय असतं ते आपण घराघरांत पाहिलेलं आहे. या दोघांना कुत्रं द्यावं, जरूर द्यावं. ते पाच-सहा वर्षांचं, शांत झालेलं, पायाशी बसून राहणारं असावं. अशा मध्यमवयीन कुत्र्यांना कोणी विचारत नाही. लहानासाठी आलेल्या मागणीतून मोठ्याला घर मिळवून देता आलं, तर कुत्रं सोडवणाऱ्याने एका चौकशीत दोन कामं केली असं समजावं.

देवगड बाजूच्या कलमबागांतूनही मागणी येते. वानरं आणि माकडं मोहोरापासून फळापर्यंत काही शिल्लक ठेवत नाहीत, त्यामुळे बागायतदाराची गरज खोटी नाही. तरुण कुत्र्यालाही असं काम आवडतं. एकच गोष्ट विचारायची: जूनमध्ये काय? बागेत राखणीला असलेला नेपाळी गडी हंगाम आटोपला की पुष्कळदा गावी जातो. कुत्र्याला भात घालणारा, हाक मारणारा माणूस तोच असतो. तो गेल्यावर मांगराला कुलूप आणि आठवड्यातून दोनदा येणारा मालक, एवढंच त्या कुत्र्याच्या वाट्याला येणार असेल तर ते घर नव्हे. बागायतदार बागेतच बारमाही राहत असेल, कुत्रं रात्री घरात घेत असेल, तर याच्याइतकी चांगली जागा शोधून मिळणार नाही.

देवबाग-तारकर्लीच्या निवास-न्याहारीच्या घरांत माणसांची वर्दळ असते, पण रोज नवी. दर शनिवारी दहा अनोळखी माणसं, त्यांची मुलं, प्रत्येकाच्या ताटातला तुकडा. वयात येणाऱ्या कुत्र्याला यातून कोणतीच शिस्त लागत नाही, आणि एखाद्या मुलाला नुसता दात लागला तरी दोष कुत्र्याच्या माथी येतो. घरातली एखादी व्यक्ती ठामपणे जबाबदारी घेत असेल, पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळी कुत्रं मागच्या दारी ठेवत असेल, तरच तिथे द्यावं.

मला स्वतःला दोन घरं बरी वाटतात, आणि दोन्हींना लोक नाकं मुरडतात. एक म्हणजे सर्जेकोट किंवा दांडीसारख्या ठिकाणचं मच्छीमार कुटुंब, जिथे घर लहान असतं पण कधी रिकामं नसतं. कोणी जाळं विणत बसलेलं, कोणी मासळी निवडत. कुत्र्याला दिवसभर बघायला, हुंगायला, सोबत जायला काहीतरी असतं. दुसरं कुडाळ-कणकवलीतलं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. 'फ्लॅटात कुत्रं कसं राहील?' असं सगळे म्हणतात. पण ज्याच्याकडे अंगण नाही त्याला कुत्र्याला रोज दोनदा बाहेर न्यावंच लागतं, पाऊस असो की परीक्षा. पहाटे साडेपाचला चालायला जाणारा शिक्षक, दुपारी घरी असणारी त्याची आई, संध्याकाळी अभ्यास टाळायला निमित्त शोधणारी मुलगी, हे गणित चार गुंठ्यांच्या खळ्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. दोघेही नऊ ते सहा नोकरीला आणि घराला कुलूप, असं असेल तर मात्र तोच फ्लॅट वाईट.

घर ठरवताना आणखी एक प्रश्न न चुकता विचारावा: 'याआधीचा कुत्रा कशाने गेला?' उत्तरातून त्या जागेचा धोका कळतो. 'वाघान व्हेलो' असं ऐकू आलं तर तो वाघ म्हणजे बिबट्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला तेव्हा त्यातला 39 टक्के वाटा, वजनाच्या हिशेबाने, पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. कोकणातल्या वाड्यांचा अनुभव यापेक्षा वेगळा नाही. पडवीत साखळीला बांधलेलं कुत्रं तर पळूही शकत नाही. रात्री कुत्रं दाराच्या आत, ही अट मी कोणत्याही घराला सोडणार नाही. 'फुरशान चावला' असं उत्तर आलं तर समजावं, परिसर कातळसड्याचा आहे आणि दगडांच्या फटीत नाक खुपसणाऱ्या तरुण कुत्र्याला तिथे दोरीशिवाय सोडता येणार नाही. 'हायवेक गाडयेखाली गावलो' या उत्तरानंतर कुंपण स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. गडगा कमरेएवढा असेल तर दहा महिन्यांचं कुत्रं तो एका झेपेत ओलांडतं.

किनाऱ्यावरच्या घराशी दोन गोष्टी बोलाव्यात. जाळ्यातून काढून टाकलेला केंड मासा विषारी असतो. त्यातल्या विषाने माणूस दगावतो, तिथे कुत्र्याची काय कथा. वाळूत पडलेले गळ, आणि तहान लागली म्हणून प्यालेलं खारं पाणी यांनीही कुत्री आजारी पडतात, म्हणून निघताना गोडं पाणी पाजून न्यावं. दुसरी गोष्ट कासवांची. वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी, देवगडचं तांबळडेग अशा किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालतात, आणि वनविभाग व गावकरी मिळून ती घरटी राखतात. वासावर चालणाऱ्या कुत्र्याला वाळूखालची अंडी शोधायला वेळ लागत नाही. अशा किनाऱ्यालगत कुत्रं द्यायचंच असेल तर त्या महिन्यांत पहाटे आणि रात्री ते मोकळं सुटणार नाही, याची खात्री करून घ्यावी. एका जिवाचं घर मांडताना दुसऱ्याचं मोडू नये.

दवाखान्याचं काम कुत्रं सोपवण्याआधी उरकावं, 'ते बघतील' यावर सोडू नये. रेबीजची लस, पार्व्हो-डिस्टेंपरची लस, जंताचं औषध, गोचिडांवरचा उपाय. भातशेतीच्या या जिल्ह्यात लेप्टोस्पायरोसिस माणसांना होतो तसा कुत्र्यांनाही होतो, तेव्हा लसीत लेप्टोचा समावेश आहे ना, हे डॉक्टरांना विचारावं. रेबीजचं महत्त्व शेजारच्या गोव्याने दाखवून दिलं आहे. तिथे 'मिशन रेबीज' या संस्थेने सरकारच्या मदतीने गावोगाव, अगदी मोठ्या जाळ्यांनी कुत्री पकडून, वर्षानुवर्षं लसीकरण केलं, आणि 2021 साली राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या हातातलं कुत्रं त्या 70 टक्क्यांत असलं पाहिजे. आणि नसबंदी: दहा महिन्यांचं कुत्रं भाद्रपदात घर सोडून पळतं ते घर वाईट आहे म्हणून नव्हे. नसबंदी न केलेलं कुत्रं देणं म्हणजे पुढच्या कार्तिकातली पिल्लं आजच वाटून ठेवणं.

कागदही करावा, साधा का होईना. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने भटकी कुत्री दत्तक घ्यायला वाट ठेवली, आणि दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. हे समोरच्याला धमकी म्हणून नव्हे, माहिती म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

एवढं करूनही कुत्रं एकदम कायमचं देऊ नये. आधी दोन रात्री राहू द्यावं. अमेरिकेत लिसा गंटर आणि सहकाऱ्यांनी पाच निवाऱ्यांतल्या 207 कुत्र्यांवर केलेल्या 2019 च्या अभ्यासात, एक-दोन रात्री घरी नेलेल्या कुत्र्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, तेवढ्या काळात उतरलेलं दिसलं, आणि ती सलग जास्त वेळ विसावली. म्हणजे दोन रात्रींचा पाहुणचार कुत्र्यालाही मानवतो, आणि घरालाही कळतं की पहाटे चारला उठून दाराशी कुंई-कुंई करणारं जनावर आपल्याला झेपणार आहे का.

या दोन रात्रींआधी घरच्यांना सगळं खरं सांगावं. हे दोर चावतं. कोंबडीमागे लागतं. पावसाला घाबरत नाही, पण फटाक्यांना घाबरतं. पहिले तीन दिवस ते कदाचित खाणार नाही आणि पलंगाखालून बाहेर येणार नाही. तीन आठवड्यांनी त्याचे खरे गुण दिसतील. तीन महिन्यांनी ते घरचं होईल. कुत्री सोडवणाऱ्यांमध्ये चालणारा हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्येक कुत्रं तो पाळतंच असं नाही. पण तो आधी ऐकलेला असला की चौथ्या दिवशी कुणी घाबरून फोन करत नाही. आणखी एक गोष्ट सांगावी. भद्रा यांच्याच गटाच्या 2017 च्या अभ्यासात रस्त्यावरची कुत्री अनोळखी माणसाकडे वारंवार वळली ती खाण्यापेक्षा डोक्यावरून फिरलेल्या हातासाठी. पेजेत माशाचं डोकं घालून पुढे सरकवलं की काम झालं, असं समजणाऱ्या घरात हे आवर्जून बोलावं.

तीन आठवड्यांनी एकदा न सांगता जावं. भांड्यात पाणी आहे का, मानेवर साखळीचा वळ आहे का, हे दिसतंच. मी त्याहून जास्त कुत्र्याकडे बघेन. आपल्याला ओळखून ते धावत येईल, अंगावर उडी मारेल, हात चाटेल. ते होऊ द्यावं आणि मग पडवीत शांत बसून राहावं. थोड्या वेळाने घरातलं कोणी उठून मागच्या दारी गेलं की कुत्रं मान वर करून बघतं, उठतं आणि त्याच्या मागे जातं. आपल्याकडे वळूनही बघत नाही. नाही गेलं, आपल्याच पायाशी दबून बसलं, दुचाकी सुरू केल्यावर रस्त्यापर्यंत मागे आलं, तर परत आत जाऊन घरच्यांशी बोलावं. त्यांना दोष देऊन नव्हे. कधी कुत्रं आणि घर दोन्ही चांगली असतात, आणि तरी जोडी जमत नाही. पहिल्याच दिवशी निघताना एवढं सांगून ठेवलेलं असावं: 'नाय जमला तर माकाच फोन करा, दुसऱ्या कोणाक देव नको.'